खडीवरचा लेप

भंगाराच्या दुकानात जवळजवळ प्रत्येक टाकाऊ वस्तूला भाव असतो. लोखंड, पत्रा, पितळ, रद्दी, काच, तुटक्या बादल्या, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकाचा दर वेगळा, पण दर आहे. १९९० च्या दशकात मात्र देशभर अशी एक वस्तू पसरली, जिला हा तराजू जागाच देईना. ती म्हणजे झबला पिशवी. भाजीवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे फुकट मिळणारी, पातळ, एका वापरानंतर टाकली जाणारी. तिचं वजन जेमतेम ग्रॅमभर. किलोभर माल जमवायचा तर हजारभर पिशव्या वेचायच्या, चिखल धुऊन काढायचा, वाळवायच्या, आणि एवढं करून हातात पडणारे पैसे दिवसाच्या मजुरीच्या जवळपासही नाहीत. कचरावेचक बायका बाटली उचलायच्या आणि पिशवी तिथेच सोडायच्या. त्यांचा हिशोब बरोबर होता. म्हणूनच देशातलं बाकीचं पुष्कळसं प्लास्टिक वर्षानुवर्षं पुन्हा वापरात येत राहिलं आणि ही पिशवी गटारात, शेताच्या बांधावर आणि गाईच्या पोटात साचत गेली.

केंद्र सरकारने १९९९ मध्ये पहिल्यांदा नियम केले. पिशवीची जाडी किमान २० मायक्रॉन असावी, म्हणजे ती थोडी जड होईल, थोडा भाव येईल आणि वेचली जाईल, असा त्यामागचा विचार. नियम कागदावर राहिला. काही राज्यांनी बंदीचा मार्ग धरला. पण बंदी उद्याच्या पिशवीवर असते. आधीच डोंगरासारख्या साचलेल्या पिशव्यांचं काय करायचं, याचं उत्तर कोणत्याच कायद्यात नव्हतं. ते उत्तर दक्षिणेतल्या दोन शहरांत, जवळपास एकाच वेळी, अगदी वेगळ्या स्वभावाच्या माणसांनी शोधलं. एकाचा पिशव्या बनवण्याचाच धंदा होता. दुसरा रसायनशास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता.

बेंगळुरूचे के. अहमद खान आणि त्यांचे भाऊ रसूल खान हे प्लास्टिकच्या पिशव्यांचे कारखानदार. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पिशव्यांवर टीका वाढू लागली. आपला माल शहराला नकोसा होतोय, हे त्यांना दिसत होतं. आपल्याच मालाचा कचरा परत घेऊन त्याचं काहीतरी करावं, म्हणून त्यांनी प्रयोग सुरू केले. पिशव्यांचा बारीक चुरा करून तो रस्त्याच्या डांबरी मिश्रणात घालायचा, अशी त्यांची रीत होती. या चुऱ्याला त्यांनी ‘पॉलिब्लेंड’ असं नाव दिलं. मला त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. ते थेट ठेकेदाराकडे गेले नाहीत, परीक्षेसाठी विद्यापीठात गेले. बेंगळुरू विद्यापीठात सी. ई. जी. जस्टो आणि ए. वीरराघवन यांनी या मिश्रणाचा अभ्यास केला. ज्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आहे, त्यांना जस्टो हे नाव नवं नाही. महामार्ग बांधणीवरचं ‘खन्ना-जस्टो’ हे पाठ्यपुस्तक देशातल्या कित्येक पिढ्यांनी वापरलं आहे. अशा माणसाच्या प्रयोगशाळेतून निष्कर्ष आला की डांबराच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के प्लास्टिक घातलं तर मिश्रणाची ताकद वाढते, आणि पाण्यात भिजवून ठेवल्यानंतर तर हा फरक अधिकच जाणवतो.

पाण्यात भिजवल्यानंतर, हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडचा रस्ता भाराने जेवढा खचतो, त्याहून जास्त पाण्याने उखडतो. डांबरी रस्ता म्हणजे मुळात खडी. वजनाने पाहिलं तर त्यात डांबर असतं जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. त्या पातळ थराने खडीचे दाणे एकमेकांना धरून ठेवायचे असतात. दगडाचा ओढा मात्र डांबरापेक्षा पाण्याकडे असतो. पावसात रस्त्यावर पाणी साचलं की ते फटींतून आत उतरतं, खडी आणि डांबर यांच्या मधे शिरतं आणि डांबराची साल दगडापासून सुटते. वरून चाक गेलं की दाबलेलं पाणी आणखी आत घुसतं. दाणा सुटतो, त्याच्या शेजारचा सुटतो, आणि चार दिवसांत तिथे खड्डा दिसतो. दक्षिणेतल्या ग्रॅनाइटच्या खडीला हा रोग आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थराहून अधिक लागतो, कारण ग्रॅनाइट आम्लधर्मी आहे आणि त्याला डांबर तितकं घट्ट चिकटत नाही. काळ्या पत्थराच्या रस्त्यांचंही पावसाळ्यात काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.

मदुराईजवळ तिरुपरनकुंड्रम इथे त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कापडगिरण्यांचे मालक करुमुत्तु त्यागराजन चेट्टियार यांनी ते १९५७ मध्ये काढलं. तिथे राजगोपालन वासुदेवन रसायनशास्त्र शिकवत. इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला सहसा पहिल्या वर्षापुरतंच विचारलं जातं. रस्ते हा सिव्हिल विभागाचा प्रांत. पण वासुदेवन यांनी प्रश्नाकडे रस्त्याच्या बाजूने पाहिलंच नाही, रेणूंच्या बाजूने पाहिलं. डांबर हे खनिज तेल गाळून उरलेला गाळ, आणि पॉलिथिलीन त्याच तेलातून किंवा त्यासोबत निघणाऱ्या वायूतून बनलेलं. दोन्ही हायड्रोकार्बन, म्हणजे एकाच कुळातले. तेव्हा ते एकमेकांना धरून राहतील, हा त्यांचा तर्क होता.

प्लास्टिक डांबरात मिसळण्याची कल्पना जगात नवी नव्हती. पॉलिमर घातलेलं डांबर परदेशात आधीपासून वापरात होतं. त्या पद्धतीत प्लास्टिक गरम डांबरात विरघळवतात. पण पॉलिथिलीन डांबरात नीट विरघळत नाही. ढवळणं थांबलं की वेगळं होऊन वर येतं, म्हणून सतत ढवळणारी यंत्रं लागतात, आणि प्लास्टिकचं प्रमाणही फार वाढवता येत नाही. गावोगावचे छोटे ठेकेदार हे करू शकणार नव्हते. वासुदेवन यांनी क्रम उलटा केला. आधी खडी तापवायची, सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसपर्यंत. तिच्यावर प्लास्टिकचे काही मिलिमीटरचे तुकडे टाकायचे. संक्रांतीचा हलवा करताना तापल्या परातीत तिळावर पाक चढतो, तसं हे प्लास्टिक पाऊण-एक मिनिटात वितळून प्रत्येक दाण्यावर पातळ लेप धरतं. मग त्यावर गरम डांबर ओतायचं. आता डांबराला दगडाशी नव्हे, आपल्याच कुळातल्या लेपाशी जुळवून घ्यायचं असतं. ते घट्ट बसतं. दगडाची बारीक छिद्रंही लेपाने बुजतात, त्यामुळे पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही.

या रीतीला पुढे ‘कोरडी पद्धत’ असं नाव पडलं. तिच्यासाठी नवी यंत्रं लागत नाहीत, तोच हॉट मिक्स प्लांट, तोच रोलर. छोट्या प्लांटवर तर मजूर हातानेच तापल्या खडीवर प्लास्टिक टाकू शकतो. पॉलिथिलीन ११० ते १४० अंशांच्या दरम्यान मऊ होतं आणि त्याचं विघटन व्हायला २५० अंशांच्या पलीकडे जावं लागतं. म्हणजे १७० अंशांवर ते वितळतं, जळत नाही. उकिरड्यावर पेटवलेल्या पिशवीतून निघणारा काळा धूर आणि खडीवर वितळणारी पिशवी, यांत हा फरक आहे, आणि तो पूर्णपणे तापमान सांभाळण्यावर अवलंबून आहे. पीव्हीसीचं मात्र तसं नाही. ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड सोडू लागतं, म्हणून रस्त्यात पीव्हीसी अजिबात चालत नाही.

ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती होण्याआधी कॉलेजात आले होते, तेव्हा वासुदेवन यांनी त्यांना हा प्रयोग दाखवला. कलामांनी उत्तेजन दिलं, आणि कॉलेजच्या आवारातच पहिला रस्ता झाला. त्याच वर्षी, २००२ मध्ये, चेन्नईच्या जंबुलिंगम स्ट्रीटवर ही पद्धत वापरली गेली. शहरातली वाहतूक, चेन्नईचं ऊन, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ईशान्य मान्सून, हे सगळं त्या रस्त्याने सोसायचं होतं. मग इरोडला वीरभद्र स्ट्रीट २००३ मध्ये, मदुराईला वंडियूर रोड २००४ मध्ये, विलाचेरी रोड २००५ मध्ये. दरवर्षी एखादा रस्ता, आणि त्यावर नजर ठेवत राहायची. शास्त्रातल्या धीराचं हे मला फार चांगलं उदाहरण वाटतं. रस्त्याबद्दलचा दावा सिद्ध व्हायला पावसाळे जावे लागतात, आणि ते लवकर जावेत असं कुणी ठरवू शकत नाही.

हिशोब असा निघाला. पावणेचार मीटर रुंदीच्या एकेरी रस्त्याचा एक किलोमीटर, वरचा थर २५ मिलिमीटरचा. त्याला साधारण दहा टन डांबर लागतं. त्यातलं एक टन वाचतं आणि त्या जागी एक टन प्लास्टिक जातं. एक टन म्हणजे दहा लाखांच्या आसपास पिशव्या. हा आकडा पुढे भाषणांतून इतका फिरला की त्याच्या अर्थाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दहा लाख पिशव्या कुणीतरी वेचायच्या होत्या, निवडायच्या होत्या, साफ करायच्या होत्या.

तामिळनाडूने तेवढ्यासाठी व्यवस्था उभी केली, आणि या कथेतला सगळ्यात कमी गाजलेला भाग हाच आहे. राज्याच्या ग्रामविकास यंत्रणेने जिल्ह्याजिल्ह्यांत महिला बचत गटांना प्लास्टिक कापणारी यंत्रं दिली. गावातल्या पिशव्या गटाकडे यायच्या, बायका त्यातून पीव्हीसी आणि इतर माल वेगळा काढायच्या, उरलेलं कापून पोत्यांत भरायच्या, आणि ते रस्त्याच्या ठेकेदाराला विकलं जायचं. ज्या पिशवीला भंगारात भाव नव्हता, तिला इथे पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं. ग्रामीण रस्त्यांच्या कामांत हा माल वापरला जाऊ लागला आणि दशक संपेपर्यंत तामिळनाडूत असे हजारावर किलोमीटर रस्ते झाले. पद्धतीचं पेटंट २००६ मध्ये कॉलेजला मिळालं. वासुदेवन यांनी ते देशाला पैसे न घेता वापरू दिलं. त्यावरून मोठी कंपनी उभी करता आली असती. त्यांनी तसं केलं नाही, म्हणूनच छोट्या पंचायतीच्या रस्त्यापर्यंत ही रीत पोहोचू शकली.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये तामिळनाडूतल्या या रस्त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. जंबुलिंगम स्ट्रीटपासून कॉलेजच्या कॅन्टीन रोडपर्यंत, २००२ ते २००६ दरम्यानचे रस्ते घेतले, आणि तुलनेला २००२ मध्येच झालेला साध्या डांबराचा एक रस्ता. पृष्ठभाग किती खडबडीत झाला, भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली रस्ता किती दबतो, चाकाला पकड मिळते की नाही, हे सगळं मोजलं. प्लास्टिकचे रस्ते चांगल्या स्थितीत होते. खड्डे, खडी उखडणं, कडा तुटणं अशी लक्षणं त्यांत दिसली नाहीत. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांना आता पावसाळ्यांची साक्ष मिळाली होती.

या काळात महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट धरली होती, आणि त्याला कारण होतं. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबई बुडाली, शेकडो माणसं गेली. पाणी ओसरलं तेव्हा नाल्यांच्या तोंडाशी पिशव्यांचे ढीग दिसत होते, आणि लोकांचा राग त्या ढिगांवर निघाला. सरकारने पुढच्याच महिन्यात पिशवीबंदी जाहीर केली, आणि २००६ च्या नियमांत ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बेकायदा ठरली. माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने मात्र दुखणं खोल असल्याचं दाखवून दिलं. ताशी २५ मिलिमीटर पाऊस पेलण्यासाठी बांधलेली जुनी गटारव्यवस्था, भराव आणि अतिक्रमणांनी आवळलेली मिठी नदी, ही मोठी कारणं होती. पिशवीने संकट वाढवलं, ते निर्माण केलं नाही. पण नालेसफाई आणि नदी मोकळी करणं हे काम वर्षानुवर्षांचं, तर बंदीचा आदेश एका कागदाचा. त्यामुळे पिशवीचा प्रश्न आपल्याकडे कायद्याचा आणि दंडाचा झाला. गोळा झालेल्या पिशव्यांचं पुढे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

पुण्यात याचं अर्धं उत्तर तयार होतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली काम करत होती. कचरावेचकांना ओळखपत्रं मिळाली, त्यांचा श्रम शहराच्या हिशोबात धरला गेला, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. मालाची पारख या बायकांना कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त आहे. कुठलं प्लास्टिक कुठल्या जातीचं, हे त्या हाताला लागताच ओळखतात, चुरगाळल्याच्या आवाजावरून ओळखतात. वासुदेवन यांच्या पद्धतीला अगदी ह्याच कसबाची गरज होती. मदुराईची रीत आणि पुण्याची ही ताकद मोठ्या प्रमाणावर एकत्र आली असती, तर महाराष्ट्रातल्या रस्त्यांचं आणि या बायकांच्या कमाईचंही चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

रस्त्यांच्या बाबतीत देशात शेवटचा शब्द असतो इंडियन रोड्स काँग्रेसचा. या संस्थेच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. १९२७ मध्ये सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये रोड्स काँग्रेस उभी राहिली. ती जी मानकं छापते, त्यांच्याशिवाय सरकारी इंजिनिअर सही करत नाही. आणि तेच योग्य आहे, कारण उद्या रस्ता उखडला तर जाब त्याला द्यावा लागतो. २०१३ मध्ये तिने कोरड्या पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक, तुकड्यांचा आकार, तापमान, पीव्हीसीला मनाई, सगळं त्यात आलं. काळ्या पिशव्याही नकोत असं त्यात म्हटलं होतं, कारण काळं प्लास्टिक बहुधा अनेकदा वितळवून झालेलं, कस गेलेलं असतं. जंबुलिंगम स्ट्रीटपासून या पुस्तिकेपर्यंत अकरा वर्षं गेली होती.

मग नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आदेश निघाला. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्गांवर नूतनीकरणाचा डांबरी थर टाकताना प्लास्टिक वापरणं हीच नेहमीची पद्धत राहील. आदेश स्पष्ट होता, मंत्री नितीन गडकरी या विषयात स्वतः रस घेणारे होते. तरीही जुलै २०२१ मध्ये सरकारने दिलेल्या माहितीनुसार प्लास्टिक वापरून झालेल्या राष्ट्रीय महामार्गांची लांबी होती ७०३ किलोमीटर. तेव्हा देशातल्या राष्ट्रीय महामार्गांचं जाळं १,३०,००० किलोमीटरच्या पुढे गेलं होतं. बचत गटांच्या जोरावर तामिळनाडूने एकट्याने, तेही गावच्या रस्त्यांवर, याहून जास्त काम केलं होतं.

असं का झालं, याचं उत्तर माझ्या मते प्लांटवर नाही, कचरापेटीत आहे. ठेकेदाराला कोरडं, स्वच्छ, एका जातीचं, ठराविक मापाचं प्लास्टिक रोज टनांनी हवं असतं आणि ते डांबराइतकंच वेळेवर हवं असतं. ओला आणि सुका कचरा एकत्र उचलणाऱ्या शहरात ते येणार कुठून? उरलेलं अन्न लागलेली पिशवी धुवायला पाणी लागतं, वाळवायला जागा लागते, निवडायला माणसं लागतात, आणि या माणसांना दरमहा पगार लागतो. आदेशात खडीचं तापमान होतं, पण पिशवी वेचणाऱ्या बाईचा दर नव्हता. वाचलेल्या एक टन डांबराच्या किमतीतला मोठा वाटा तिच्यापर्यंत पोहोचेल अशी सोय झाली असती, तर माल आपोआप गोळा झाला असता. जिथे पातळ प्लास्टिकला गिऱ्हाईक मिळालं, तिथे ते रस्त्यावर पडून राहिलं नाही, हा तामिळनाडूचा धडा होता.

परदेशात ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत गेली. स्कॉटलंडमधल्या लॉकरबी इथल्या मॅकरेबर कंपनीच्या संस्थापकाला ही कल्पना भारतात सुचली. इथे लोक खड्ड्यांत प्लास्टिक भरून ते वितळवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. नेदरलँड्समध्ये तर डांबर आणि खडी दोन्ही वगळून प्लास्टिकचे पोकळ ठोकळे जोडून रस्ता करायची कल्पना निघाली. झ्वोले शहरात सप्टेंबर २०१८ मध्ये असा सायकलमार्ग झाला, लांबी ३० मीटर. त्यात २,१८,००० प्लास्टिकच्या पेल्यांइतका माल गेला. काम देखणं आहे, खाली पाणी साठवायची सोय आहे. पण प्रत्येक ठोकळा कारखान्यातून येणार. मदुराईच्या रीतीचं बळ नेमकं उलट्या बाजूला आहे. कुठल्याही तालुक्याच्या प्लांटवर, आहे त्याच यंत्रांवर ती करता येते.

याच विचाराने वासुदेवन यांनी रस्त्याच्या पलीकडे पाऊल टाकलं. दगडाच्या आणि सिरॅमिकच्या टाकाऊ चुऱ्यात प्लास्टिक वितळवून त्यांनी फरशीचा ठोकळा तयार केला. नाव दिलं ‘प्लास्टोन’. एका ठोकळ्यात सुमारे ३०० पिशव्या आणि अर्धा डझन बाटल्या जातात. पदपथासाठी, आवारासाठी तो चालतो, आणि पाणी शोषत नाही. तत्त्व तेच: दगडाला प्लास्टिकचा लेप. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच वर्षी, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर आणखी कडक बंदी घातली. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. बंदीच्या या राज्यात टाकाऊ प्लास्टिकचे रस्तेही झाले, ते रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्याला. १९९० च्या सुमारास इथे बॉम्बे हायचा वायू वापरून पॉलिथिलीन बनवणारा आयपीसीएल या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला, तो पुढे रिलायन्सकडे गेला. २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की याच आवारातले सुमारे ४० किलोमीटर रस्ते त्यांनी ५० टन टाकाऊ प्लास्टिक मिसळून केले आहेत. जिथे प्लास्टिक जन्मतं तिथेच ते परत यावं, ही गोष्ट मला आश्वासक वाटते. पण सोबत एक काळजीही आहे. रस्त्यात प्लास्टिक जातंय असं दाखवून नवीन प्लास्टिकच्या उत्पादनाला मोकळीक मिळता कामा नये. ज्या बाटलीची बाटली किंवा धागा होऊ शकतो, जिला भंगारात भाव आहे, ती खडीवर वितळवणं म्हणजे नासाडी आहे. रस्ता हा फक्त त्या प्लास्टिकसाठी आहे ज्याला दुसरं कुणीच घेत नाही.

दुसरी शंका झिजेची. प्लास्टिक असतं ते वरच्या थरात, आणि चाकाखाली झिजतो तो वरचाच थर. त्यातून सूक्ष्म कण पावसाबरोबर नाल्यात किती जातात, हे २००८ च्या अहवालाने तपासलं नव्हतं. तेव्हा प्रश्न खड्ड्यांचा होता, कणांचा नव्हता. कण डांबराने घट्ट धरलेले असतात हे खरं, पण डांबरही झिजतं. आता वीस वर्षं उलटलेले रस्ते हाताशी आहेत. त्यांच्या कडेची माती आणि गटारातला गाळ तपासणं हे काम अवघड नाही, आणि ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजला करता येईल.

तोवर मालच बदलला आहे. २०२१ च्या नियमांनी पिशवीची किमान जाडी आधी ७५ आणि मग १२० मायक्रॉनवर नेली, जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद झाल्या. जिच्यासाठी ही पद्धत शोधली, ती झबला पिशवी कायद्याने हद्दपार आहे, बाजारात ती अजून दिसत असली तरी. आता उकिरड्यावर वाढतंय ते चिप्स, शॅम्पू आणि गुटख्याच्या पुड्यांचं वेष्टन. त्यात प्लास्टिकच्या दोन-तीन जाती आणि मधे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो १७० अंशांवर वितळत नाही, आणि खडीवर एकसारखा लेप बसू देत नाही. हे वेष्टन किती प्रमाणात चालेल, ते कसं निवडायचं, आणि ते निवडणाऱ्या हातांना काय दर द्यायचा, हे ठरवायचं काम या क्षेत्रातल्या पुढच्या रसायनशास्त्रज्ञांसमोर आणि महापालिकांसमोर आहे.